पाणी मोजून पेरा

ऑगस्ट २०२३ मध्ये पावसानं जी ओढ दिली, ती आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. देशभरात १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमचं गाव धाराशिव तालुक्यात, बालाघाटच्या माथ्यावर. जुलैत पेरलेलं सोयाबीन तेव्हा नेमकं फुलात होतं. दुपारी पानं मान टाकायची, संध्याकाळी थोडी सावरायची. पुढं पुढं संध्याकाळीही सावरेनात आणि हलक्या रानातली फुलं गळायला लागली. ऑक्टोबर संपता संपता सरकारनं राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आमचाही होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, याच जिल्ह्यात भूम-परंड्याकडे पुरात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं.

आमच्याकडे पावसाळ्यात सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ही सरासरी कित्येक वर्षी पुरी होते, काही वर्षी ओलांडलीही जाते. पण ती कशी पुरी होते, हे बघितलं पाहिजे. महिना-महिना उघडीप आणि मग दोन रात्रींत सगळा हिशोब चुकता. असा पाऊस मुरत नाही, वाहून जातो. म्हणून "पाऊस कमी झाला" असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. पाऊस बेभरवशाचा झाला आहे आणि घराची घडी त्या बेभरवशाला धरून बसवावी लागते. आमच्या घरानं ती कशी बसवली, ते लिहिते आहे.

आमचं रान पाच एकर. थोडं मध्यम, थोडं मुरमाड. विहीर धाकट्या दिरांच्या आणि आमच्या सामाईक मालकीची, पाणी पाळीपाळीनं. दोन्ही घरं मिळून आम्ही सहा माणसं, चार मोठी जनावरं आणि उस्मानाबादी शेळ्या. गहू, हरभरा, कधी उन्हाळी भुईमूग असं अंदाजानं चालायचं. विहिरीत वाकून बघायचं, "औंदा बरं हाय" म्हणायचं आणि पेरायचं. फेब्रुवारीत मोटर हवा धरायची. मग गव्हाला एक पाणी कमी पडायचं आणि त्या एका पाण्यावरून दोन्ही घरांत धुसफूस व्हायची.

मोजायचं खूळ गावात आलं ते अटल भूजल योजनेतून. राज्यातले १३ जिल्हे त्यात होते, धाराशिव त्यांपैकी एक. गावाला पर्जन्यमापक मिळाला, विहिरीची पातळी मोजायचं यंत्र मिळालं, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा असं ठरलं. हिवरे बाजारचं नाव आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. पोपटराव पवारांच्या त्या गावात पाऊस मोजून पिकं ठरवतात, शेतीला बोअर घेत नाहीत, ऊस लावत नाहीत, हे ऐकून होतो. पण ऐकणं वेगळं आणि आपल्या विहिरीत टेप सोडणं वेगळं.

पर्जन्यमापकाची नोंद आमच्या बचत गटाकडे आली. सकाळी साडेआठला मापाच्या काचेच्या नळीत पाणी ओतायचं, डोळ्याच्या रेषेत धरून आकडा बघायचा, वहीत लिहायचा. काम पाच मिनिटांचं. पण पहिल्या पावसाळ्यातच एक गोष्ट कळली. रात्रभर पत्रा वाजला म्हणून "लई पाऊस झाला" असं आम्ही म्हणायचो, त्याचा आकडा कधी १२ निघायचा, कधी ७०. कानानं ऐकलेला पाऊस आणि नळीतला पाऊस यांचा मेळ बसायचाच असं नाही. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नका, असं कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षं सांगतं. वही हातात असल्यामुळं त्या जूनमध्ये आम्ही चाड्यावर मूठ धरायची घाई केली नाही. शेजारच्या शिवारात दुबार पेरणी झाली. सोयाबीनच्या बॅगचा भाव ज्याला माहीत आहे, त्याला दुबार पेरणी म्हणजे काय हे सांगायला नको.

मिलिमीटरवरून लिटर काढायला शिकल्यावर खरा फरक पडला. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण शंभर लिटर पाणी. एकराला चार हजार. एवढं एक ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं घरी मांडता येतं. आमची विहीर वीस फूट रुंद. अशा विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळपास नऊ हजार लिटर. आता मोकळं पाणी दिलं तर एका पाळीत एकराला कमीत कमी पन्नास मिलिमीटर जातं, म्हणजे दोन लाख लिटर. दोन लाखाला नऊ हजारानं भागा. एका एकराचं एक भिजवण म्हणजे विहिरीतलं बावीस फूट पाणी!

हे गणित मुलानं वहीच्या मागच्या पानावर मांडलं तेव्हा आमचे मालक कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "परत कर." परत केलं, तेवढंच आलं. मग गव्हाचं करून बघितलं. पीक हाती येईपर्यंत गहू साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास पाणी पितो. एका एकराला अठरा लाख लिटर, म्हणजे आमच्या विहिरीतलं दोनशे फूट पाणी. विहीरच पन्नास फूट खोल आहे. बाकीचं झऱ्यातून येतं खरं, पण किती येतं हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

ते बघायची रीत सोपी आहे. संध्याकाळी मोटर बंद केल्यावर काठावरच्या ठरावीक खुणेवरून टेप सोडायचा, पातळी लिहायची. पहाटे मोटर लावायच्या आधी परत मोजायची. रात्रीत जेवढं चढलं ती आवक. खूण मात्र एकच पाहिजे, नाहीतर वीतभराचा फरक पडतो. आम्ही काठाच्या दगडावर रंगाचा पट्टा मारला आहे. दसऱ्याच्या सुमाराला ही आवक चांगली असते, संक्रांतीपर्यंत निम्म्यावर येते, शिमग्याला जेमतेम. विहिरीतलं पाणी अधिक पुढच्या महिन्यांची घटत जाणारी आवक, एवढाच आपला पैसा. त्यातूनच वर्ष काढायचं.

आता आधी कुणाचं काढायचं? याचं उत्तर बायकांना विचारलं तर चटकन मिळतं. आधी माणसांचं. जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर धरतात. सहा माणसं, ऑक्टोबर ते मे आठ महिने, ऐंशी हजार लिटर झाले. म्हणजे नऊ फूट. मोठं जनावर उन्हाळ्यात ६०-७० लिटर पितं. चार जनावरांचे त्याच हिशेबानं सात फूट. गावच्या नळाला पाणी असलं तर यातलं काही वाचतं, पण दुष्काळात नळ आधी बंद पडतो हे आम्ही २०१६ ला बघितलं आहे. त्या वर्षी शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. तेव्हा हे सोळा फूट हात न लावता बाजूला ठेवायचे आणि मग पिकाचं बोलायचं, असा नियम आम्ही घरात केला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये टेप टाकला तेव्हा विहिरीत अठरा फूट पाणी होतं.

भाऊजींना गहू करायचाच होता. त्यांचं म्हणणं असं की बाजारातून गहू विकत आणायचा म्हणजे शेतकरी असून पिशवी घेऊन उभं राहायचं. त्यात तथ्य आहे, मी ते हसण्यावारी नेलं नाही. आम्ही दोन्ही घरं ओसरीवर बसलो, वही मध्ये ठेवली. आधीच्या वर्षांत हेच भांडण "तुमचं इंजिन जास्त चाललं" आणि "तुमची पाळी लांबली" असं व्हायचं. या वेळी समोर आकडा होता. अठरातून सोळा गेले, राहिले दोन, वर आवक. जाऊबाईच म्हणाल्या, "गहू रेशनला मिळतोय, पाणी रेशनला मिळत नाही." गहू रद्द झाला. हरभरा एकरभर, तोही तुषार सिंचनावर, घाटे भरताना एक पाणी द्यायचं. बाकी सगळी ज्वारी, ओलीवर. उन्हाळी भुईमुगाचं नाव काढायचं नाही.

त्या साली ज्वारीला उतारा कमीच आला, ताटं गुडघ्याच्या वर फारशी गेली नाहीत. पण मे महिन्यात गावात टँकर फिरत असताना आमच्या दोन्ही घरांची चूल आणि दावण आमच्या विहिरीवर चालली. जनावर विकावं लागलं नाही. माझ्या मते दुष्काळात घर तरलं की नाही, हे यावरून ठरवावं. दावणीचं जनावर पडत्या भावात बाजारात गेलं की ते घर पुढची दोन-तीन वर्षं उठत नाही. दूध जातं, खत जातं, मग पोराची फी थकते.

म्हणून ज्वारीबद्दल थोडं लांबण लावून सांगते. सोयाबीन आल्यापासून आमच्या भागातली रब्बी ज्वारी आकसत गेली. त्यामागचं एक कारण भावाचं, दुसरं वेळेचं. पूर्वी मृगावर मूग-उडीद पेरायचे, ते पोळ्याच्या आसपास निघायचे, रान पाळी घालून मोकळं ठेवायचे, उत्तरा-हस्ताचा पाऊस त्यात मुरायचा आणि त्या ओलीवर मालदांडी ज्वारी पेरायची. सोयाबीन निघतं ऑक्टोबरात. तोवर वरची ओल उडून गेलेली असते, उरलेली मागास ज्वारीला पुरत नाही. आमच्या आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, हे कुणी शिकवलं नाही, पण त्या पहिल्यापासून सांगायच्या, "एक तुकडा तरी मुगाला ठेवा, ज्वारीला रान घावंल." आमच्या जिल्ह्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं बायकांना घरच्या रानातला एक एकर खाण्याच्या पिकांसाठी मागून घ्यायला उभं केलं आहे. मीही तसाच एक एकर मागितला. त्यात मूग, उडीद, कडेनं मटकी, हुलगा, चार ओळी भाजी. मुगानंतर ज्वारी. मालकांनी मुरमाड तुकडा दिला, मी चांगल्यातला मागितला आणि घेतला.

हे सगळं जमतंच असं नाही. मूग शेंगेत असताना झड लागली की शेंगेतच मोड येतात, तसं एका वर्षी झालं आणि ते सगळं शेळ्यांना घातलं. पण त्याच रानात पुढं ज्वारी कंबरेला लागली. एका रानात दोन-तीन पिकं असली की आभाळ सगळ्यांवर एकाच दिवशी उठत नाही, मला यातला फायदा हाच वाटतो.

ज्वारीला पाणी द्यायचंच झालं तर कधी द्यायचं हेही आता ठरलेलं आहे. दोन देता आली तर एक महिन्याच्या सुमाराला पीक गर्भात असताना, दुसरं पोटरीत. बाकी वेळी जमीन भेगाळू द्यायची नाही, कोळपं मारत राहायचं. आत्या म्हणतात एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, आणि भेगांतून ओल कशी उडते हे बघितल्यावर ते खरंच आहे. ज्वारीनं दाणा दिला, कडबा दिला. दुष्काळात कडब्याची पेंढी ज्या भावाला जाते तो बघितला की सोयाबीनचा हिशोब फिका पडतो.

चाऱ्याचं आणखी एक केलं ते मुरघासाचं. पाऊस चांगला असतो तेव्हा दहा गुंठे मका करायचा, कणसात दाणा चिकात आला की कापून कुट्टी करायची आणि पिशवीत थरावर थर तुडवून भरायची. हवा राहिली तर बुरशी येते, म्हणून पोरं पिशवीत उतरून नाचतात, एवढं ते काम घरातल्या सगळ्यांना आवडतं. तोंड घट्ट बांधून दीड महिना हात लावायचा नाही. उघडल्यावर आंबूस वास आला आणि रंग पिवळसर असला की साधलं. पावसाळ्यातलं पाणी उन्हाळ्यात जनावराच्या पोटात घालायची ही युक्ती आमच्यासारख्या शेततळं नसलेल्या घराला फार उपयोगाची आहे. शेततळ्याला अस्तरीकरणाचा खर्च होतो आणि बरंच रान लागतं. पाच एकरवाल्याला ते परवडत नाही.

खरिपात मोठा बदल एकच, रुंद वरंबा सरीवर पेरणी. ट्रॅक्टरचं बीबीएफ यंत्र भाड्यानं घेतो. उघडिपीत वरंब्यात ओल टिकते, आणि जास्त झालं तर सरीतून निचरा होतो. बियाणं घरचं वापरतो. गोणपाटात शंभर दाणे ओले करून गुंडाळतो, सत्तरच्या वर उगवले तर पेरायचं. सोयाबीनमध्ये बीडीएन ७११ तुरीच्या ओळी असतात, ही तूर लवकर निघते. २०२३ च्या त्या ओढीत १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट खताची फवारणी केली, दहा लिटरला शंभर ग्रॅम. मध्यम रानात फरक दिसला, मुरमाडात नाही. पीक विम्याचं लिहिण्यासारखं फार नाही. मिळाला तेव्हा बियाण्याला झाला, नाही मिळाला तेव्हा नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या वहीत बसत नाही. आम्ही घाम गाळून विहिरीत दहा फूट राखले आणि बांधापलीकडे कुणी सहाशे फूट बोअर मारून ऊस लावला, तर आमची राखण कुणाच्या कामी येते? खालचं पाणी सातबारा बघून थांबत नाही. भूजल कायदा २००९ चा आहे, त्यात साठ मीटरपेक्षा खोल विंधन विहिरींवर बंधन आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. बोअरच्या गाड्या आमच्या रस्त्यानं रात्रंदिवस जातात आणि किती फूट गेले हे चहाच्या टपरीवर उघड बोललं जातं. घरानं बदलावं, बायकांनी बदलावं, पीक बदलावं, हे सगळे सांगतात. आम्ही बदललो. पण घराच्या हातात घरापुरतंच आहे, आणि पाणी घरापुरतं नाही. ज्यांच्या हातात कायदा आहे त्यांनी तो चालवला पाहिजे, हे मी ग्रामसभेत उभं राहून बोलले आहे आणि इथंही लिहिते.

तोवर आम्ही एवढंच केलं की आमच्या ओढ्याच्या अंगच्या चार विहिरींच्या मालकांना एकत्र बसवलं. दोन बैठका नुसत्या जुन्या उण्यादुण्यांत गेल्या. मग चौघांनी एकाच दिवशी टेप टाकायचं मान्य केलं. आकडे मंदिराच्या भिंतीवर खडूनं लिहिले. एकाची पातळी उतरली की बाकीच्यांचीही उतरते, हे महिन्याभरात सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं.

सप्टेंबर २०२५ च्या पावसानं वेगळीच परीक्षा घेतली. भूम-परंड्याएवढं आमच्याकडे झालं नाही, आम्ही माथ्यावर आहोत, पाणी आमच्याकडून खाली जातं. तरी ओढ्याकाठचे दहा-बारा गुंठे खरडून निघाले. हातभर माती गेली, खाली पांढरा मुरूम उघडा पडला. बाकी रानात सऱ्यांनी पाणी बाहेर काढलं म्हणून थोडं सोयाबीन हाती लागलं, तेही डागी. माझा मुगाचा तुकडा ज्वारीसाठी तयार होता, तो कितीतरी दिवस वापशावर आला नाही, पेरणी लांबली. कोरड्याची तयारी करून बसलेल्या घराला ओल्याचं काय करायचं हे अजून नीट उमगलेलं नाही. बांधाला दगडी सांडवा करायचा, ओढ्याच्या कडेला गवत आणि बांबू लावायचा, असं ठरवलं आहे. माती परत आणायला गाळ लागेल, त्याचा ट्रॅक्टरचा खर्च अजून जुळवतो आहोत.

विहीर मात्र काठोकाठ भरली, आणि लगेच ऊस लावायचं बोलणं सुरू झालं. आम्ही आधीसारखाच टेप टाकला, सोळा फूट बाजूला काढले, आणि या वेळी हिशोबात बसला म्हणून भाऊजींना अर्धा एकर गहू करू दिला. त्यांना आनंद झाला, जाऊबाईंनी पहिल्या पाळीला नारळ फोडला. चार विहिरींचं असं ठरलं आहे की जानेवारीअखेर परत मोजायचं. विहिरीत वीस फुटांपेक्षा कमी पाणी असलं तर उन्हाळी भुईमूग चौघांपैकी कुणीच करायचा नाही, जास्त असलं तर प्रत्येकी दहा गुंठे. बोअरवाल्या शेजाऱ्यानं अजून होकार दिलेला नाही. संक्रांतीला वाण द्यायच्या निमित्तानं त्यांच्या घरी जायचं आहे, तेव्हा वही बरोबर नेणार आहे.